तापीकाठची शाही बाग

बँकेच्या नोकरीत शिरपूरला असताना, ऐन उन्हाळ्यात मला जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर आठवे. तापी तिकडूनच आपल्याकडे येते.

मुमताज महल, मूळची अर्जुमंद बानू, जन्मली १५९३ साली. १६१२ मध्ये शहाजहानशी विवाह झाला. मग १९ वर्षांत चौदा बाळंतपणे, तीही बरीचशी स्वाऱ्यांच्या धावपळीत! मोगलांची चारबाग म्हणजे पाटांनी केलेले चार भाग, झुळझुळते पाणी, गर्द सावली. शिणलेले अंग सैल पडावे अशीच आखणी. बऱ्हाणपुरासमोर, नदीपलीकडे झैनाबादला आहुखान्याची शाही बाग होती. जून १६३१ मध्ये गौहर आरा जन्मली आणि मुमताज गेली. विसाव्याच्या त्याच बागेत तिला पुरले, हे मनाला लागते. ताजमहाल नंतरचा. डिसेंबरात पार्थिव आग्र्याला नेले.