छापखान्यातला कागद सादळायचा, म्हणून एसीचा शोध लागला

मे महिन्यात वाशीत पत्र्याच्या खोलीत काम करणं म्हणजे काय, हे तिथं शिलाई मशीन, फ्लेक्स प्रिंटर नाहीतर रंधा घेऊन बसणाऱ्यालाच विचारा. मग विषय निघतो, कूलर घ्यायचा की एसी? दुकानदार खोलीचं माप विचारतो, आपण किंमत विचारतो. खोलीत काम कसलं चालतं आणि त्या कामाला ओल चालते का, हे कुणी विचारतच नाही.

ज्या माणसानं एसी बनवला, त्यानं सुरुवात याच प्रश्नापासून केली होती. त्याचं नाव विलिस कॅरियर.

२६ नोव्हेंबर १८७६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावी त्याचा जन्म झाला. शेतकऱ्याघरचं एकुलतं एक पोरगं. अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईनं सफरचंदं कापून शिकवले. कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ साली तो इंजिनिअर झाला आणि बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर कामाला लागला. गंमत म्हणजे सुरुवातीचं काम गारव्याचं नव्हतं, उष्णतेचं होतं. लाकूड आणि कॉफी वाळवायच्या यंत्रणा तो आखायचा.

१९०२ साली ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्याची तक्रार आली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकेक रंग वेगळा चढवतात. दमट हवेत कागद सादळून फुगायचा, कोरड्या हवेत आक्रसायचा. दुसरा रंग पहिल्यावर बसायचाच नाही. कामगारांना किती उकडतंय, हा मुद्दाच नव्हता.

१७ जुलै १९०२ ची तारीख असलेले आराखडे २५ वर्षांच्या कॅरियरनं तयार केले. वर्षभर हवेतली आर्द्रता ५५ टक्के, तापमान हिवाळ्यात २१ आणि उन्हाळ्यात साधारण २७ अंश सेल्सियस. त्यासाठी थंड पाणी खेळणाऱ्या नळ्यांवरून हवा सोडायची. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरतात ना, तसंच हवेतलं पाणी नळ्यांवर जमायचं. रोज ५४ टन बर्फ वितळल्यावर मिळेल, एवढी या यंत्रणेची गारवा देण्याची ताकद होती. आपण आज दीड टनाचा एसी म्हणतो, तो टन हाच. मशीनच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्गच्या स्टेशनवर तो धुक्यात गाडीची वाट बघत उभा होता. धुक्यातली हवा पाण्यानं पूर्ण भरलेली असते, पण गार असेल तर त्या हवेत पाणी एकूण कमीच मावतं. म्हणजे हवा पुरेशा थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेली, तर ती कोरडी करता येईल! पाण्यानं हवा वाळवायची ही उलटी कल्पना. तिचं पेटंट २ जानेवारी १९०६ ला मिळालं.

कूलर आणि एसीतला फरक इथंच कळतो. कूलरमध्येही हवा पाण्यातूनच जाते, पण ते पाणी टाकीतलं, साधं. ते हवेत मिसळतं आणि ओल वाढवतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ४० अंशांची हवा चांगला कूलर २६-२७ अंशांवर आणू शकतो, तेही दीड-दोनशे वॅटमध्ये. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट ओढतो. त्यामुळं शिलाईकाम असेल, तर खिडकी उघडी ठेवून कूलर लावा, उगाच एसीवर पैसे घालू नका.

पावसाळ्यात मात्र तोच कूलर गारवाही देत नाही, वर लोखंडी अवजारांना गंज चढवतो, प्लायवूड फुगवतो. कागद, छपाई, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती असेल तर एसी, आणि तोही बंद खोलीत. वेल्डिंग किंवा रंगकाम असेल तर खोली बंद करायचीच नाही, आधी धूर बाहेर काढणारा पंखा. आणि काहीही घेतलं तरी पत्र्याखाली उष्णता अडवणारं छत हवंच. ओलीचा धडा वाशी तालुक्याला नवा नाही म्हणा, तेरखेड्यात फटाके बनवणाऱ्यांना सादळलेली दारू काय करते ते चांगलं ठाऊक आहे.

कॅरियरनं १९११ मध्ये तापमान आणि आर्द्रतेचं गणित सूत्रांत बांधून अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेपुढं मांडलं. ही सूत्रं या शास्त्राचा पाया ठरली. पुढं महायुद्ध सुरू झालं, बफेलो फोर्जनं हा विभाग गुंडाळायचं ठरवलं. तेव्हा सात इंजिनिअरांनी मिळून ३२,६०० डॉलर उभे केले आणि १९१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली.

तोवर गिऱ्हाईक म्हणजे गिरण्या आणि कारखाने. माणसांची पाळी आली ती मुख्यतः थिएटरांमुळं. १९२५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याची यंत्रणा बसली. पहिल्या खेळाला लोक सवयीनं हातपंखे घेऊन आले होते. थोड्या वेळानं एकेक पंखा थांबत गेला.

घरासाठीचं मशीन कंपनीनं १९२८ मध्ये आणलं, पण लगेच महामंदी आली. ७ ऑक्टोबर १९५० ला कॅरियर वारला, तेव्हा अमेरिकेतल्याही बहुतेक घरांत एसी नव्हता.