थांबलेल्या यंत्राची विचारपूस

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये लोटे हे गाव आहे. परशुराम घाटाच्या माथ्याकडचा हा परिसर आज रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखला जातो. येथला पावसाळा भिंतींत आणि कपाटातल्या कागदांत मुरतो, तसा टेबलावरच्या यंत्रांतही मुरतो. एखाद्या लहानशा कार्यालयातला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप जुलै महिन्यातल्या एखाद्या सकाळी कळ दाबूनही सुरू होत नाही. दिवा लागतो, पंखा क्षणभर घरघरतो, पडदा मात्र काळाच राहतो. आत मालाच्या नोंदी असतात, पगाराचा तक्ता असतो, घरातल्या लग्नकार्याची छायाचित्रे असतात. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो. यंत्र जुने झाले, टाकून द्यावे.

हा सल्ला घाईचा असतो. बंद पडलेल्या यंत्राची पायरीपायरीने विचारपूस करण्याची एक रीत आहे. संगणकाच्या बाबतीत ती रीत ज्या पिढीने घडवली, तिच्यात ग्रेस हॉपर यांचे नाव ठळक आहे. अमेरिकी नौदलातल्या या गणितज्ञ स्त्रीने संगणकाला माणसाच्या भाषेजवळ आणले. वय झाले म्हणून नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि पुन्हा बोलावले. जुने म्हणजे निकामी, हे समीकरण त्यांच्या आयुष्याने खोटे ठरवले.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत त्या थोरल्या. उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंब न्यू हॅम्पशायर राज्यातल्या घरी जाई. सात वर्षांच्या ग्रेसला तेथल्या गजराच्या घड्याळाचे नवल वाटले. ते कसे चालते हे पाहण्यासाठी तिने ते उघडले. सुटे भाग पुन्हा जुळेनात, म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सातही घड्याळे मोकळी झाली होती. आईने घड्याळे उघडण्यास बंदी केली नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढाच नियम घालून दिला.

दुरुस्तीच्या व्यवसायातला पहिला धडाही हाच आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. लॅपटॉपची बॅटरी, रॅमची पट्टी आणि हार्ड डिस्क एकाच दमात काढून पुन्हा बसवली आणि यंत्र सुरू झाले, तरी दोष कोठे होता हे कळत नाही. दोष कळला नाही तर तो परतून येतो.

ग्रेस यांनी १९२८ मध्ये व्हॅसर महाविद्यालयातून गणित व भौतिकशास्त्राची पदवी घेतली. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्या काळी गणितात हा पल्ला गाठणाऱ्या स्त्रिया मोजक्याच होत्या. व्हॅसरमध्ये अध्यापन करीत त्यांचे आयुष्य स्थिर चालले होते. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. पणजोबा नौदलात अधिकारी होते, त्यामुळे ग्रेस यांचे मन नौदलाकडे ओढले गेले. नौदलाला मात्र त्या नको होत्या. वय जास्त भरले आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलोंनी कमी. त्यांनी सवलत मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, नौदलाच्या राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणाच्या तुकडीत त्या पहिल्या आल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली.

तेथे मार्क-१ नावाचे यंत्र त्यांची वाट पाहत होते. लांबी सुमारे साडेपंधरा मीटर, उंची अडीच मीटरच्या जवळपास, वजन सुमारे पाच टन. आत विजेवर उघडझाप करणारे रिले, फिरते दांडे आणि शेकडो मैल लांबीची तार. आज्ञा द्यायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग होता, आणि त्या काळात तो थक्क करणारा वाटे. युद्धासाठी लागणारी गणिते रात्रंदिवस चालत. यंत्र थांबले की चूक तारेत आहे, फितीत आहे की आज्ञांच्या मांडणीत आहे, हे शोधणे भाग पडे. या यंत्राची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिका १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बहुतांश लेखन हॉपरबाईंचे होते. यंत्राला काय विचारायचे, कोणत्या क्रमाने विचारायचे आणि उत्तर कसे वाचायचे, हे कागदावर उतरवण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयत्न होता.

हार्वर्डमधला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग ९ सप्टेंबर १९४७ चा आहे. मार्क-२ हे पुढचे यंत्र चुकीचे वागू लागले. तपासणी करणाऱ्यांना ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये अडकून मेलेले एक पाखरू सापडले. त्यांनी ते काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवले आणि खरोखरीचा किडा सापडल्याची नोंद केली. बिघाडाला इंग्रजीत किडा, म्हणजे बग, म्हणण्याची प्रथा जुनीच होती. एडिसन यांच्या काळातही तो शब्द वापरात होता. हे पाखरू हॉपरबाईंनी स्वतः पकडले नव्हते. पुढे अनेक वर्षे व्याख्यानांतून ती गोष्ट रंगवून सांगितली ती मात्र त्यांनी, आणि म्हणून ती जगभर पोहोचली. ती नोंदवही पुढे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात गेली.

या गोष्टीचे खरे मोल नोंदीत आहे. दिवस, वेळ, रिलेचा क्रमांक, कारण आणि पुरावा, सर्व एका पानावर मिळते. न उघडणाऱ्या लॅपटॉपबाबतही हीच शिस्त उपयोगी पडते. कळ दाबल्यावर नेमके काय होते, ते आधी लिहून काढावे. दिवाच लागत नसेल तर प्रश्न विजेचा आहे. चार्जर आणि शक्य असल्यास बॅटरी वेगळी करून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. मग बॅटरीशिवाय केवळ चार्जरवर यंत्र सुरू होते का ते पाहावे. बॅटरी फुगलेली दिसली तर ती पुन्हा वापरू नये. दिवा लागतो आणि पंखाही फिरतो, पण पडदा काळा असेल, तर बाहेरचा पडदा जोडून पाहावा. तेथे चित्र उमटले तर संगणक जिवंत आहे आणि दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. बाहेरही काही दिसत नसेल तर रॅमची पट्टी काढून, तिची टोके स्वच्छ करून पुन्हा नीट बसवावी. कोकणच्या दमट हवेत या सोनेरी टोकांवर थर चढतो आणि एवढ्याशा कारणाने यंत्र मुके होते. काही यंत्रे अशा वेळी ठरावीक संख्येने शिट्ट्या वाजवतात. त्या मोजाव्यात, कारण तो त्यांनी दिलेला जबाब असतो.

युद्ध संपल्यावर हॉपरबाईंचे स्वतःचे आयुष्य अडखळले. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायमचे पद मिळाले नाही आणि १९४९ मध्ये तेथले काम संपले. मद्याची सवय जडली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात नशेच्या अवस्थेत त्यांना अटक होण्यापर्यंत गोष्ट गेली. मित्रमंडळींनी त्यांना सांभाळले आणि त्या सावरल्या. पुढे यश मिळवणाऱ्यांच्या चरित्रांतून अशी पाने बहुधा गाळली जातात. येथे ती गाळण्याचे कारण नाही, कारण त्यांची सर्वांत मोठी कामगिरी या काळ्या पानानंतरची आहे.

फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉक्ली कंपनीत त्या १९४९ मध्ये दाखल झाल्या. तेथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. गणितज्ञ मंडळी वारंवार लागणारे आज्ञांचे तुकडे वहीत टिपून ठेवत आणि गरज पडली की हाताने उतरवून घेत. उतरवताना अंक चुकत आणि मग दिवसचे दिवस दोष शोधण्यात जात. हॉपरबाईंनी दोषाच्या मुळाशी हात घातला. उतरवण्याचे काम माणसाला चुकवते, तर ते यंत्रानेच करावे, असा विचार त्यांनी केला. १९५२ मध्ये तयार झालेल्या त्यांच्या ए-० या प्रणालीने असे तुकडे आपोआप शोधून जोडण्यास प्रारंभ केला. कंपायलर या कल्पनेची ती सुरुवात मानली जाते. संगणक केवळ आकडेमोड करतो, आज्ञा लिहिणे त्याचे काम नव्हे, असे मानणारे अनेक जण तेव्हा त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

यंत्रानेच यंत्राला मदत करावी, हा विचार लॅपटॉपच्या प्रत्येक सकाळीही दिसतो. कळ दाबल्यावर मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला छोटा कार्यक्रम आधी जागा होतो. तो रॅम, कळफलक आणि पडदा तपासतो, मग हार्ड डिस्क शोधतो, आणि तेथला आणखी एक छोटा कार्यक्रम मोठ्या कार्यप्रणालीला उचलून आणतो. कंपनीचे बोधचिन्ह दिसून पुढे काहीच होत नसेल, तर पहिली पायरी बहुधा ओलांडली गेली आहे आणि दोष डिस्कमध्ये किंवा कार्यप्रणालीत असण्याची शक्यता अधिक आहे, असे समजावे. अशा वेळी दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करता येतो आणि आतली कागदपत्रे बाहेर काढता येतात. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर प्रयोग थांबवून आधी माहिती वाचवावी. यंत्र विकत मिळते, दहा वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत.

१९५० च्या दशकात हॉपरबाईंनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा घडवली. व्यापारी हिशेबासाठी सर्व कंपन्यांच्या संगणकांवर चालेल अशी एक भाषा असावी, या उद्देशाने १९५९ मध्ये समिती बसली आणि कोबोल जन्मास आली. तिच्यावर फ्लो-मॅटिकची गडद छाया होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल कार्यक्रम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवण्यात आला.

१९६६ अखेरीस, वयाच्या ६० व्या वर्षी, नौदलाने हॉपरबाईंना निवृत्त केले. अवघ्या काही महिन्यांत, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्यांना परत बोलावणे आले. नौदलाच्या संगणकांवर कोबोलची निरनिराळी रूपे माजली होती आणि ती एका शिस्तीत आणण्यासाठी त्यांच्यावाचून चालेना. नेमणूक सहा महिन्यांची होती, ती लांबत गेली. १९७१ मध्ये पुन्हा निवृत्ती आणि १९७२ मध्ये पुन्हा बोलावणे. अखेरची निवृत्ती १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर झाली. तेव्हा त्या रिअर ॲडमिरल होत्या, वय ७९ होते आणि नौदलाच्या सक्रिय सेवेत त्यांच्याहून वयस्क अधिकारी कोणी नव्हता.

त्यांच्या कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ टांगलेले असे. आजवर असेच चालत आले, या युक्तिवादाला ते त्यांचे मूक उत्तर होते. व्याख्यानांना जाताना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे बरोबर नेत. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, हे त्या श्रोत्यांच्या हातात तार देऊन समजावत. न दिसणारी गोष्ट हातात धरता येईल अशी करणे, ही त्यांची अध्यापनाची हातोटी होती. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला. नौदलाच्या एका विनाशिकेला पुढे त्यांचे नाव मिळाले.

त्यांच्यानंतर आठ वर्षांनी जुन्या कार्यक्रमांतले दोन अंकी वर्ष २००० साली जगाला गोंधळात टाकणार, अशी धास्ती पसरली. स्मृती महाग असताना वाचवलेले ते दोन अंक होते. लाखो ओळींचे कोबोल तपासून दुरुस्त करण्याच्या कामात मुंबई-पुण्यातील अनेक तरुणांनी कारकिर्दीची सुरुवात केली. जुने टाकून देणे तेथेही शक्य नव्हते. ओळ न् ओळ वाचणे, हाच उपाय होता.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा पाण्यातून निघालेला लॅपटॉप चालतो का हे पाहण्यासाठी लगेच कळ दाबणे, हीच सर्वांत महागडी चूक ठरते. आधी वीज तोडावी, बॅटरी काढावी, यंत्र जाणकाराकडून उघडून स्वच्छ व कोरडे करून घ्यावे, आणि मगच विचारपूस सुरू करावी. प्रत्येक यंत्र वाचेलच असे नाही. मदरबोर्ड गंजून गेला असेल तर तसे मान्य करावे लागते. तो निर्णय मात्र तपासाच्या शेवटी घ्यायचा असतो. लोट्याच्या कार्यालयातला काळा पडदा पुष्कळदा रॅमच्या एका मळलेल्या पट्टीपाशी अडलेला असतो. तो उजळतो तेव्हा भूतकाळातल्या चुकीच्या तारखेवरून एवढेच कळते की आतला नाण्याएवढा घड्याळाचा सेल संपला आहे. तो बदलला की घड्याळ पुन्हा आजच्या वेळेवर येते.