सदनातली एक मुलगी

१८९७ सालचा पुण्याचा उन्हाळा. प्लेगने शहर निम्मे रिकामे केले होते आणि रँडसाहेबांचे सोजीर घराघरांत शिरून रोगी हुडकत होते. त्या धामधुमीत शारदासदनातल्या एका मुलीला सरकारी प्लेग इस्पितळात नेण्यात आले. ती परत आली नाही. तिथल्याच एका पहारेकऱ्याने तिला ठेवून घेतल्याचे पंडिता रमाबाईंच्या कानावर आले.

आता अशा वेळी कुठल्याही वसतिगृहाच्या चालकाला पहिली आठवण होते ती संस्थेच्या अब्रूची. रमाबाईंना तर ती व्हायलाच हवी होती. १८८९ साली मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी हे सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास आणले. बालविधवांना शिकवून पायांवर उभे करायचे, हा हेतू. पण १८९३ साली धर्मांतराचे वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. पुण्यात पाठराखण करणारे फारसे कोणी उरले नव्हते. त्यात सरकारशी वैर म्हणजे होता-नव्हता तो आधारही घालवणे. तरीही बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या मिशनरी साप्ताहिकात स्वतःच्या नावाने पत्र लिहून इस्पितळाचा कारभार चव्हाट्यावर आणला.

मी बँकेत अधिकारी असताना एका चौकशीला बसलो होतो. टायपिस्ट मुलीची तक्रार होती, वरिष्ठाविरुद्ध. आम्ही तिघांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो पुराव्याचा. शेवटी बदली झाली, तिचीच. कागदावर माझीही सही आहे. त्यामुळे रमाबाईंचे चरित्र वाचताना या पत्रापाशी मी दर वेळी थबकतो.

पत्राचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोडून काढले. गोपाळराव गोखले तेव्हा इंग्लंडात होते. सोजिरांच्या अत्याचारांविषयी त्यांनी तिकडे जे सांगितले, त्याला साक्षीदार मिळेनात, म्हणून परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. साक्षीला उभे राहायचे म्हणजे आपल्याच घरातल्या बाईचे नाव घ्यायचे. ते कोण घेणार? रमाबाईंनी मात्र आपले विधान मागे घेतले नाही.

हे बळ आले कुठून? १८५८ साली जन्मलेली ही मुलगी वडिलांबरोबर, अनंतशास्त्री डोंगऱ्यांबरोबर, तीर्थोतीर्थ पायी हिंडली. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. उपाशी, निराधार तरुण मुलीकडे रस्ता कोणत्या नजरेने पाहतो, हे बाईंना ग्रंथातून शिकावे लागले नव्हते.

म्हणून १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नछत्रांच्या आणि मदत-छावण्यांच्या आसपास मुली पळवणारे आणि दलाल टपलेले असत. छावणीतले मुकादमही सगळेच सोवळे नव्हते. बाईंनी तिथून मुली गोळा करून आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या आपल्या जमिनीवर नेल्या. तेच पुढे मुक्तिसदन. आणि १८९९ साली तिथेच त्यांनी कृपासदन काढले, ज्यांच्यावर अत्याचार झाला होता, जगाने ज्यांना बाटलेल्या म्हणून टाकले होते, त्यांच्यासाठी. घडले ते हिचे पाप नव्हे, हे एका संस्थेने तेव्हा विटा-चुन्यात लिहून ठेवले.

रमाबाईंच्या पत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात तक्रार समिती सक्तीची केली. २०१३ साली कायदा झाला, २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी वेगळे नियम काढले. समितीची पाटी आता प्राचार्यांच्या खोलीबाहेर दिसते. आत तक्रार घेऊन जाणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न कोणता विचारतात, ते पाटीवर कुठून दिसणार!

केडगावात शेती होती, माग होते, छापखाना होता. बायाच खिळे जुळवीत. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून, ५ एप्रिल १९२२ रोजी, तिथेच रमाबाईही गेल्या.