हुकमतपन्हा रामचंद्रपंत व आमचें राज्यशास्त्र

राज्यशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविणाऱ्या संस्था पॅरिस येथें १८७२ सालीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १८८० सालीं व लंडन येथें १८९५ सालीं निघाल्या. तेवढ्यावरून हें शास्त्र आगबोटींतून आमच्या बंदरीं उतरलें, अशी कित्येक पदवीधरांची समजूत झालेली दिसते. फार झालें तर ते कौटिल्याचें नांव घेतात. परंतु सातारा व पन्हाळा यांच्या दरम्यानच्या मुलखांत ज्यांनीं राज्य चालविलें, त्या रामचंद्र नीळकंठ अमात्यांचें आज्ञापत्र कितीकांनीं उघडून पाहिलें आहे?

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, पंत अष्टप्रधानांत अमात्य होते. म्हणजे राज्याचा जमाखर्च त्यांच्या हातीं होता. हिशेबाचें महत्त्व आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. १६८९ सालीं संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला व राजाराम महाराज जिंजीस गेले. मागील मुलखाचा कारभार हुकमतपन्हा हा किताब देऊन पंतांवर सोंपविण्यांत आला. राजा दूर, खजिना रिता आणि औरंगजेबाची फौज दाराशीं. संताजी घोरपडे व धनाजी जाधव रणांगणावर लढत असतां त्यांच्या पाठीशीं मुलूख उभा ठेवण्याचें काम पंतांचें होतें.

याच वर्षांत वतनाचा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. बादशहा जहागिरी व वतनें दाखवून मराठे सरदार फोडीत होता. ते आपल्याकडे राहावे म्हणून छत्रपतींच्या सरकारासहि तींच आमिषें दाखवावीं लागलीं. राज्य तगलें, हें खरें. पण ज्याला त्याला आपलें वतन राज्याहून प्यारें झालें.

पुढें १७०८ सालीं शाहू महाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. पंत ताराबाईंच्या पक्षास राहिले. आणि १७१४ सालीं ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेंत पडून दुसरे संभाजी गादीवर आले, तेव्हां ते या नव्या राजाचे झाले. हें वर्तन निर्मळ होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

आज्ञापत्र १७१५ चें, याच तरुण राजाच्या नांवें काढलेलें. त्यांत राजा, प्रधान, किल्ले व आरमार यांचा विचार आहेच. पण वतनदारांवरील भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. वतनदार हा लहानसा राजाच असून परचक्र येतांच तो शत्रूस मिळतो; त्यास मोकळें सोडूं नये, तसेंच त्याचें वतन एकाएकीं बुडवूंहि नये; नवीं वतनें तर देऊंच नयेत, असा त्याचा आशय आहे. स्वतःच्याच कारकीर्दींत दिलेल्या वतनांचा परिणाम पाहून लिहिलेलें हें शास्त्र होय. आम्हां वकिलांस वतनी दाव्यांची चव ठाऊकच आहे. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें व पाटिलकीचीं १९६२ च्या कायद्यानें गेलीं. पंतांची तक्रार कायद्यांत उतरण्यास अडीचशें वर्षें लागलीं!

सावकारांस पंत राज्याची शोभा मानतात. त्यांना परमुलखांतून बोलावून पेठा वसवाव्या असें ते सांगतात. टोपीकरांस मात्र ते निराळे काढतात. त्यांच्यामागें त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांस समुद्रकांठीं वा खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये, पक्की इमारत बांधूं देऊं नये. आरमारासाठीं रयतेचे आंबे-फणस तोडूं नयेत, कारण तीं झाडें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, इतकें बारीक लक्ष या कारभाऱ्याचें होतें.

१७१६ सालीं पंत वारले. दुसऱ्याच वर्षीं फर्रुखसियर बादशहानें सालीना तीन हजार रुपयांवर इंग्रजांस बंगाल्यांतील जकात माफ केली. इकडे १७३१ च्या तहानें वारणा ही सातारा व करवीर या दोन गाद्यांची सरहद्द ठरली. आणि पंतांच्या घराण्याची बावड्याची जहागीर करवीरच्या राज्यांत विसाव्या शतकापर्यंत वंशपरंपरेनें चालली.