होगार्थचा कायदा

ब्रिटनच्या पार्लमेंटने १७३५ साली छापचित्रांच्या हक्काविषयी एक कायदा केला. त्याला लोक आजही होगार्थचा कायदा म्हणूनच ओळखतात. हा होगार्थ ना पार्लमेंटचा सभासद होता, ना उमराव, ना वकील. चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरण्याचे काम शिकून वर आलेला तो एक कारागीर होता. विल्यम होगार्थची चित्रे जगाला ठाऊक आहेत. पण कायद्याच्या पेशात असलेल्या आम्हास त्याची ही दुसरी कामगिरी अधिक मोलाची वाटते.

त्याचा जन्म १० नोव्हेंबर १६९७ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड भागात झाला. बाप रिचर्ड लॅटिनचा शिक्षक. त्याने पाठ्यपुस्तके लिहिली, पण पुस्तकविक्रेत्यांनी कोरड्या आश्वासनांपलीकडे हाती फारसे काही पडू दिले नाही. मग त्याने कॉफीगृह काढले. तिथे ग्राहकांनी लॅटिनमध्ये बोलावे अशी योजना! ते बुडाले आणि कर्जापायी तो फ्लीटच्या तुरुंगात गेला. विद्वान माणूस सुमारे ४ ते ५ वर्षे केवळ देणे फेडता आले नाही म्हणून बंदिवासात राहिला. गरिबीलाच गुन्हा ठरवणारा तो कायदा लहानग्या विल्यमने घरातच पाहिला. लेखणीने घर चालत नाही हेही तो तेव्हाच शिकला असावा. एलिस गॅम्बल नावाच्या कोरक्याकडे तो उमेदवारीला लागला आणि १७२० साली त्याने स्वतःचे दुकान थाटले.

छापचित्राचे काम कष्टाचे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने एकेक रेघ खोदायची, तीही उलटी, कारण कागदावर चित्र उलटून उमटते. मग रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा यंत्रातून दाबून काढायचा. महिनोन्महिने खपून पत्रा तयार व्हायचा आणि पहिल्या प्रती बाजारात येताच कोणी विक्रेता त्याची नक्कल कोरून घ्यायचा. होगार्थने १७२४ साली लंडनच्या नाटक-ऑपेराच्या शौकावर एक चित्र काढले. त्याच्या नकला निम्म्या किमतीत विकल्या गेल्या. पुस्तकांसाठीही तो चित्रे कोरत असे. बटलरच्या हुडिब्रस या काव्यावरील त्याची १२ मोठी चित्रे १७२६ साली निघाली. पण दुसऱ्याच्या मजकुराला चित्र पुरवून आणि विक्रेत्याच्या दारात उभे राहून त्याचे समाधान होणारे नव्हते.

१७३२ साली त्याने सहा चित्रांची मालिका काढली. खेड्यातून लंडनला आलेल्या मॉल नावाच्या मुलीची ती कथा. पहिल्याच चित्रात गाडीतून उतरलेल्या मॉलला एक कुंटीण गाठते आणि मागे दारात एक धनवान उभा असतो. लंडनकरांनी दोघांनाही ओळखले. तो धनवान म्हणजे कर्नल चार्टरिस. मोलकरणीवरील बलात्काराबद्दल १७३० साली त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि राजाने त्याला माफीही दिली होती. कुंटीण नीडहॅमला १७३१ साली भर रस्त्यात खोड्यात उभे केले गेले. जमावाच्या दगडांनी ती इतकी जखमी झाली की काही दिवसांतच मेली. एकाच धंद्यातली ही दोन माणसे. एकाला माफी, दुसरीला दगड. होगार्थने त्यावर भाष्य लिहिले नाही, दोघांना शेजारी उभे केले. आमच्या मते न्यायव्यवस्थेवर त्या काळात झालेली ही सर्वात धारदार टीका होय.

मालिकेची किंमत एक गिनी, म्हणजे मजुराची दोनएक आठवड्यांची कमाई. तरी १,२०० हून अधिक ग्राहकांनी आगाऊ नाव नोंदवले. दलालाला वगळून थेट विक्री. आणि लगेच नकलांचा सुळसुळाट झाला.

आता मात्र होगार्थने रडगाणे गायले नाही. व्हर्ट्यू, व्हँडरगुख्ट, पाइन अशा सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला. लेखकांना १७१० पासून जो हक्क होता तो चित्र कोरणाऱ्यालाही द्या, एवढीच मागणी. कायदा झाला. चित्रावर १४ वर्षे हक्क. पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरणे आवश्यक. नकला व त्यांचे पत्रे जप्त. सापडलेल्या प्रत्येक नकलेमागे ५ शिलिंग दंड. अंमल २५ जून १७३५ पासून. होगार्थची पुढची आठ चित्रांची मालिका तयार होती, पण ती त्याने त्याच तारखेपर्यंत दाबून ठेवली. चोर तरी चोरच. त्याच्या घरी चित्रे पाहून गेलेल्यांकडून वर्णने मिळवून त्यांनी आधीच नकला काढल्या. त्या मालिकेतला उधळ्या तरुण आधी फ्लीटच्या तुरुंगात आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो. फ्लीट काढताना होगार्थला बापाची आठवण झाली नसेल असे आम्हास वाटत नाही.

कायद्यात खोट होती, तीही सांगितली पाहिजे. स्वतः कल्पून स्वतः कोरणाऱ्यालाच त्यात संरक्षण होते. दुसऱ्याचे चित्र मजुरीवर कोरणारे शेकडो हात बाहेरच राहिले. होगार्थलाही मर्यादा होत्या. मॉलच्या मालिकेत श्रीमंताच्या घरी फेटा बांधलेला काळा पोरगा किटली घेऊन येतो. ते मूल तिथे कसे आले हे सांगणारी मालिका त्याने कधी कोरली नाही. पुढे १७५७ साली तो राजाचा चित्रकार झाला आणि सरकारची बाजू घेतल्याने जुने मित्र दुरावले.

तरी गरिबांपर्यंत पोहोचण्याची त्याची धडपड खरी होती. १७५१ साली जिन दारूने उद्ध्वस्त झालेल्या गल्लीचे चित्र त्याने एका शिलिंगला विकले. नशेत धुंद आईच्या हातून मूल खाली पडत आहे आणि सावकाराचे दुकान तेवढे भरभराटीत आहे. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध आणणारा कायदा झाला. टाकलेल्या मुलांसाठी लंडनमध्ये निघालेल्या संस्थेच्या कामातही त्याचा वाटा होता. त्याला व पत्नी जेनला स्वतःचे मूल नव्हते. संस्थेतली मुले त्यांनी चिझिकच्या घरी सांभाळली.

२६ ऑक्टोबर १७६४ रोजी होगार्थ वारला. मागे उरले ते मुख्यतः तांब्याचे पत्रे. जेनने ते विकले नाहीत. घरूनच चित्रे छापून विकली. अनेक चित्रांची मुदत संपत आली तेव्हा तिने पुन्हा पार्लमेंटचे दार ठोठावले. १७६७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सर्वांसाठी मुदत २८ वर्षे केली, दुसऱ्याचे चित्र कोरणाऱ्यालाही हक्क दिला आणि जेनला तिच्या नवऱ्याच्या चित्रांवर आणखी २० वर्षे खास हक्क दिला. ती मुदत १७८७ साली संपली. त्यानंतर दोन वर्षांनी, १७८९ साली जेन वारली.