पूर मोजणारे विश्वेश्वरय्या

येरळेला सगळ्यात मोठा पूर कोणत्या साली आला? वडूजच्या पारावर हा प्रश्न टाकून बघा. दहा जण दहा सालं सांगतील. कुणी म्हणेल पायरीला पाणी लागलं, कुणी म्हणेल त्याच्याही वर. लिहिलेलं काही आहे का, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडं बघतील. आपला खटाव तालुका पडला दुष्काळी. इथं पुराचा हिशेब कोण ठेवणार? पण तो का ठेवावा, हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या आयुष्यावरून समजतं.

१८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीत त्यांचा जन्म झाला. इंजिनिअर झाले ते मात्र आपल्या पुण्यात. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. सुरुवातीलाच धुळ्याकडं पांझरेच्या खोऱ्यात, पाटाचं पाणी नळातून ओढ्यापार न्यायचं काम त्यांच्याकडं आलं. ऐन पावसाळ्यात पुराची वाळू येऊन काम बुजायचं. पाऊस सरेपर्यंत थांबावं असं त्यांनी वर कळवलं. साहेबांना ते रुचलं नाही. मग त्या पुरातच त्यांनी काम तडीला नेलं. पुरावर चिडून उपयोग नाही, त्याची चाल ओळखावी लागते, हा धडा तिथंच मिळाला असावा.

पुढं खडकवासला धरणावर तो कामी आला. पावसाळ्यात सांडव्यावरून बरंच पाणी वाहून जायचं. १९०३ च्या सुमारास त्यांनी तिथं आपोआप उघडझाप करणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं उघडायची, ओसरलं की मिटायची. धरणाची भिंत न वाढवता सुमारे आठ फूट जादा पाणी साठू लागलं. पूर किती चढतो हे ठाऊक असल्याशिवाय अशी दारं बसवता येत नाहीत.

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदी कोपली. हजारो माणसं गेली. निजाम सरकारनं १९०९ साली विश्वेश्वरय्यांना बोलावलं. शहरातली पडझड पाहून ते थांबले नाहीत. पाणी आलं कुठून, हे शोधायला नदीच्या वरच्या अंगाला गेले. पाऊस कुठं किती पडला, तलाव किती, फुटले किती, सगळं मोजलं. ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते! त्यांच्या शिफारशीवरून शहराच्या वर दोन धरणं झाली, १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर.

१९३७ साली पंच्याहत्तरी ओलांडल्यावर ओरिसातल्या महानदीच्या पुराचा अभ्यासही त्यांनी केला. वरच्या अंगाला पाणी अडवायचं, पण आधी नीट पाहणी करायची, असा त्यांचा सल्ला होता. त्या नदीवर हिराकूड धरणाचं उद्घाटन १९५७ साली झालं. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि १४ एप्रिल १९६२ ला शंभरी ओलांडून त्यांनी देह ठेवला.

आता आपल्याकडं बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी मोजलं जातं, म्हणून २००५ साली कृष्णा ५३ फुटांवर आणि २०१९ साली ५७ फुटांवर गेली हे छातीठोकपणे सांगता येतं. आपली येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. त्याच ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून माणसं नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. पाणी कुठवर चढू शकतं, कुठली वाट आधी बुडते, हे गावाला अगोदर कळलं तर माणसं वेळेत हलवता येतात.

मोठ्या नद्यांवर सरकारी मोजणी केंद्रं आहेत. गावोगावच्या ओढ्यांवर ती कुठून असणार? तिथं तुम्हीच मोजणीदार. म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तोवर जुन्या पुरांची सालं, पाणी टेकलेल्या पायऱ्या आणि भिंती लिहून घ्या. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. नवा पूर आला तर त्याच दिवशी भिंतीवर खूण करा, तारीख-वेळ टाका, कुठला बंधारा फुटला ते टिपा, फोटो काढा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वडूजच्या तहसील कचेरीत द्या. कागदावर असेल तरच ते उद्या जिल्ह्याच्या संगणकात जाईल. पूर ओसरतो, चिखल वाळतो आणि माणूस विसरतो. उद्या पुलाची उंची ठरवायला इंजिनिअर येईल, तेव्हा त्याच्या हातात ठेवायला तुमच्याकडं निदान एक वही असू द्या.