एम. ए. झालेला शाळामास्तर

जबलपूर हे छावणीचे शहर; इथे माणसाचा हुद्दा खांद्यावरच्या फितीवरून कळतो. गोपाळ गणेश आगरकरांनाही मोठा हुद्दा मिळाला असता. १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा अकोल्यात शिकून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. असा मुलगा एम. ए. होतो आहे म्हटल्यावर आईने सुखाच्या दिवसांची वाट पाहिली, तर तिचे काय चुकले? त्या काळी एम. ए. झालेल्याला सरकारी नोकरीची दारे उघडी असत. आगरकरांनी तिला पत्राने कळवले, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. हे पत्र लिहिणे तुरुंगात जाण्याहून अवघड गेले असावे.

तुरुंगही वाट्याला आलाच. १८८१ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, ‘केसरी’चे संपादक झाले, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. तिथेही ‘हॅम्लेट’ मराठीत उतरवत बसले! सुटल्यावर पुन्हा वर्गात. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, १८९२ मध्ये ते तिथले प्राचार्य झाले. सोसायटीच्या आजीव सभासदाला महिना ७५ रुपये मिळत.

दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता ते गेले. उशाशी एक पुडी सापडली, असे सांगतात. तीत अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते.